स्टेरिलाइटचा ४१ क्वार्ट टब आणि घरी बांधलेला रॅक: बॉल पायथनसाठी कितपत चांगला?

स्टेरिलाइट कंपनीचा ४१ क्वार्टचा (सुमारे ३९ लिटरचा) प्लास्टिकचा अंडरबेड टब निघाला तो पलंगाखाली रजया ठेवण्यासाठी. अमेरिकेत बॉल पायथन हा छोटा अजगर पाळणाऱ्यांनी मात्र तो केव्हाच आपलासा केला. लांबी सुमारे ३५ इंच, रुंदी साडेसोळाच्या थोडी वर, उंची जेमतेम सहा इंच. बुटका, लांबोडका आणि आतलं अंधुक दिसेल इतपतच पारदर्शक. पश्चिम आफ्रिकेत हा साप दिवसभर उंदरांच्या बिळांत आणि सोडून दिलेल्या वारुळांत पडून असतो. त्यामुळे छत पाठीजवळ असलेली अंधारी जागा त्याला मानवते. काचेच्या मोठ्या टाकीत चहूबाजूंनी उघडे पडलेले कितीतरी पायथन खाणं टाकतात आणि टबात हलवल्यावर पुन्हा खाऊ लागतात.

इथे परीक्षण एकट्या टबाचं नाही, पाच टबांच्या अख्ख्या संचाचं आहे: टब, ते खणांसारखे सरकवायचा मेलामाइनचा (गुळगुळीत थर दिलेल्या दाबीव लाकडी फळ्यांचा) रॅक, ११ इंची हीट टेप (विजेवर तापणारी चपटी पट्टी) आणि तिचं तापमान आवरणारा थर्मोस्टॅट. टब चांगला आहे आणि किमतीच्या मानाने फारच चांगला. रॅक चांगला होईल की नाही हे दोन गोष्टींवर ठरतं, टबाच्या वरची फट आणि थर्मोस्टॅटच्या प्रोबची, म्हणजे तापमान मोजणाऱ्या टोकाची, जागा. बाकी चुका सुधारता येतात. या दोन चुकल्या तर साप पळतो किंवा भाजतो.

पहिला नियम असा की टब आधी आणायचे, फळ्या नंतर कापायच्या. लेबलवरची मापं झाकणासकट असतात आणि रॅकमध्ये झाकण लागतच नाही. वरची फळी हेच झाकण. म्हणून झाकण काढून, टब सपाट जमिनीवर ठेवून चारही कोपऱ्यांवर उंची मोजा आणि सर्वांत उंच कोपरा धरा. पाच हवे असतील तर सात आणा, तेही एकाच खेपेतले. कंपन्या साचे बदलत असतात, आणि तीन वर्षांनी एखादा टब तडकला तर त्याच मापाचा दुसरा मिळेलच असं नाही.

फळीसाठी पाऊण इंची मेलामाइन. पुसायला सोपं, पांढऱ्यावर घाण लगेच दिसते आणि १७ इंचांच्या खणात फळी वाकत नाही. अमेरिकेत मेलामाइनचा पूर्ण तक्ता ४९ बाय ९७ इंचांचा येतो. पाच खणांना सहा फळ्या (१७ बाय ३५) आणि दोन बाजू (३५ बाय सुमारे ३६) लागतात. पहिल्या तक्त्यातून दोन्ही बाजू आणि एक फळी निघते, दुसऱ्यातून उरलेल्या पाच. म्हणजे दोन तक्त्यांत काम होतं आणि मागच्या आडव्या पट्ट्यांनाही माल उरतो. तक्ता एकट्याने उचलायच्या फंदात पडू नका, वजन नव्वद पौंडांच्या घरात जातं. दुकानातच पॅनेल-सॉवर (तक्ते कापायच्या मोठ्या यंत्रकरवतीवर) कापून घ्या. घरच्या हातकरवतीने मेलामाइनची कड ढपल्यांनी उडते आणि मग कडेची पट्टी धड चिकटत नाही.

आता फट. मोठ्या बॉल पायथनसाठी टबाची कड आणि वरची फळी यांत १/८ इंच चालतं. पिल्लांच्या रॅकला १/१६ हून जास्त नको. डोकं शिरलं की अंग मागून जातंच. कॉर्न स्नेकची पिल्लं पेन्सिलीहून बारीक असतात, त्यांना असा बिनझाकणाचा रॅक देऊच नये. शूबॉक्स नावाचे सहा क्वार्टचे छोटे प्लास्टिकचे डबे आणि त्यांची घट्ट झाकणंच बरी. फट मोजपट्टीने साधायला जाल तर फसाल. खालची फळी बसवल्यावर तिच्यावर प्रत्यक्ष टब ठेवा, टबाच्या कडेवर दोन्ही बाजूंना १/८ इंची हार्डबोर्डची चिपाटी ठेवा, त्यावर वरची फळी टेकवा, क्लॅम्प लावा आणि मगच स्क्रू मारा. टब ओढून बाहेर येईल, चिपाट्या पडतील आणि नेमकी तेवढीच फट उरेल. प्रत्येक खण असाच बांधायचा. दर दोन खणांनंतर दोन्ही कर्ण मोजा. त्यांत १/८ इंचाचा फरक आला तरी टब एका कोपऱ्यात घासतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात जास्त उघडा राहतो.

स्क्रू दोन इंची, मोठ्या आट्यांचे, आणि आधी बारीक ड्रिलने भोक पाडूनच. मेलामाइनच्या आत दाबलेला भुसा असतो. भोक न पाडता स्क्रू घुसवला की फळीची कड फुगून फाटते आणि तो सांधा कायमचा गेला. प्रत्येक फळीला एका बाजूने तीन स्क्रू पुरेत. उघड्या कडांना इस्त्रीने चिकटणारी पट्टी आणि आतल्या सांध्यांना सिलिकॉन लावा, सिलिकॉनचा वास पूर्ण जाईपर्यंत साप जवळ आणू नका. हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून बहुतेक जण टाळतात. पण सापाने पाण्याचं भांडं उलटं केलं की पाणी कडेतून आत मुरतं, भुसा फुगतो, फळी वर उचलली जाते आणि मग टब ओढायला दोन्ही हात लागतात.

हीट टेपच्या बाबतीत या टबाची लांबी फार सोयीची पडते. ११ इंच रुंदीच्या फ्लेक्सवॉट प्रकारच्या टेपचे १४ इंची तुकडे करा, प्रत्येक तुकडा फळीच्या मागच्या भागात मधोमध पसरा आणि २ इंच मागे बाहेर राहू द्या. म्हणजे वीज जोडणाऱ्या क्लिपा टबाखाली येत नाहीत आणि टबाचा साधारण मागचा एक तृतीयांश भाग गरम होतो, पुढचे दोन तृतीयांश थंड राहतात. टेप कापायची ती छापलेल्या खुणेवरच, दोन काळ्या पट्ट्यांमधल्या मोकळ्या जागेत. कापलेल्या टोकाला तांब्याच्या वाहक पट्ट्या उघड्या पडतात, तिथे इन्सुलेशन टेप हवीच. बरेच जण हीट टेप फळीला चिकटवायला ॲल्युमिनियम फॉइलची चिकटपट्टी वापरतात. ती फक्त कडेच्या कोऱ्या प्लास्टिकवर लावा. कापलेल्या टोकावर गेली की शॉर्ट झालंच समजा.

या रॅकचा सर्वांत दुर्लक्षित दोष म्हणजे घासणं. टब दर आठवड्याला आत-बाहेर होतो. त्याच्या तळाखाली एखादा खडा किंवा भुशाचा तुकडा आला की टेपवरचं प्लास्टिक खरवडलं जातं. म्हणून फळीत राउटरने (लाकडात खाच पाडणाऱ्या यंत्राने) टेपच्या रुंदीची, १/१६ इंच खोल खाच काढा. खाचेतला उघडा भुसा पॉलियुरेथेनने रंगवून पूर्ण वाळवा आणि मग टेप बसवा. टेप फळीच्या पातळीखाली गेली की टब तिला शिवत नाही. महिन्यातून एकदा सगळे टब काढून टेपवर बोट फिरवा, अर्थात प्लग काढूनच. ओरखडा लागला तर तो तुकडा बदला. वर चिकटपट्टी लावून वेळ मारून नेऊ नका.

वीज फार खात नाही. ११ इंची टेपला फुटामागे सुमारे २० वॅट धरले तर १४ इंचाला २३ वॅट, पाच खणांना ११७. म्हणजे १२० व्होल्टवर जेमतेम एक अँपिअर. पाचही तुकडे समांतर जोडायचे. क्लिप पक्कडीने दाबताना तिचे दात वाहक पट्टीतून आरपार गेले पाहिजेत. अर्धवट बसलेली क्लिप ठिणगी टाकते, तापते आणि तिच्याभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होतं. तो तपकिरी डाग दिसला की रॅक तिथेच बंद करा.

पैसे वाचवायचे असतील तर लाकडात वाचवा, थर्मोस्टॅटमध्ये नको. स्वस्त ऑन-ऑफ थर्मोस्टॅटचा रिले, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा स्विच, दिवसातून शेकडो वेळा उघडझाप करतो. कधी तरी तो वीज चालू असतानाच चिकटतो आणि टेप पूर्ण ताकदीने तापत राहते. प्रपोर्शनल थर्मोस्टॅट वीज थोडी थोडी सोडतो आणि तापमान एका जागी धरून ठेवतो. अलार्म आणि आपोआप वीज तोडणारा सुरक्षा रिले असलेलाच घ्या. तेवढं बजेट नसेल तर मुख्य थर्मोस्टॅटच्या आधी एक साधा थर्मोस्टॅट, वेगळ्या प्रोबसह, फक्त कमाल मर्यादेसाठी लावा. मुख्य थर्मोस्टॅटच्या आकड्यापेक्षा तो ३-४ अंश वर ठेवायचा.

प्रोब टबात ठेवायचा नाही. साप तो सरकवतो, त्यावर पाणी सांडतं, ओला प्रोब थंड तापमान दाखवतो आणि थर्मोस्टॅट आणखी तापवत सुटतो. प्रोब टेपवर, टबाखाली, चिकटपट्टीने पक्का करा आणि त्याची वायर फळीला वेगळी क्लिप लावून बांधा, म्हणजे टब ओढताना प्रोब निसटणार नाही. कोणत्या खणात, हा खरा प्रश्न. ऊब वर चढते, त्यामुळे वरचा किंवा त्याखालचा खण सर्वांत गरम असतो. प्रोब खालच्या खणात लावलात तर तिथे बरोबर तापमान राखण्याच्या नादात वरचे खण भाजतील. प्रोब गरम खणातच हवा, खालचे खण दोन-तीन अंश थंड राहिले तरी चालतात. आणि एक गोष्ट कधीच विसरू नका: त्या खणातला टब धुवायला काढलात तर तिथे लगेच जादा टब सरकवा. उघडा पडलेला प्रोब खोलीची हवा मोजतो आणि बाकीच्या चार खणांत ताप वाढतो.

बॉल पायथनला टबाच्या तळावर गरम बाजूला ८८ ते ९० फॅरनहाइट (३१ ते ३२ सेल्सिअस) आणि थंड बाजूला ७६ ते ८० हवं. टेपवरचं आणि टबातलं तापमान सारखं नसतं. टबात ८९ मिळवायला थर्मोस्टॅटवर ९३-९४ ठेवावं लागू शकतं. इन्फ्रारेड टेंपरेचर गनने टबाच्या आतला तळ मोजून आकडा ठरवा. रॅक निदान दोन दिवस रिकामा चालवल्याशिवाय साप ठेवायचा नाही. तळाला इंचभराहून जास्त भुसा किंवा नारळाचा काथ्या घालू नका. ऊब खाली कोंडते, वरून मोजलेलं तापमान कमी दिसतं आणि साप खाली शिरून पोट भाजून घेतो.

टेप पोटाला ऊब देते, हवेला नाही. बेसमेंटमध्ये हिवाळ्यात ६५ अंश असेल तर थंड बाजूही ६५ वरच जाते. मग साप टेपवरून हलत नाही, तोंडातून फेस आणि श्वासाला शीळ येऊ लागते. ते श्वसनाच्या संसर्गाचं लक्षण, तेव्हा थेट पशुवैद्य गाठा. थंड प्रदेशात खोलीच ७६ ते ८० वर ठेवायची तयारी नसेल तर हा रॅक घेऊ नये.

हवेची भोकं सोल्डरिंग आयर्नने पाडा, उघड्यावर. ड्रिलने कधी कधी टब तडकतो. आतून बाहेर ढोसायचं, म्हणजे वितळलेली खरबरीत कड बाहेर येते आणि साप नाक घासून घेत नाही. दोन्ही लांब बाजूंना सहा-सहा भोकांपासून सुरुवात करा. आर्द्रता ५५ ते ६५ टक्के हवी. भिंतींवर सतत थेंब दिसले तर भोकं वाढवा, कात तुकड्यांत निघू लागली तर पाण्याचं भांडं गरम बाजूकडे सरकवा. पाडलेलं भोक बुजवणं कटकटीचं, म्हणून सुरुवात कमीच बरी.

टबाचं दुबळं अंग म्हणजे त्याचा लवचिकपणा. मोठी मादी समोरच्या भिंतीला नाक लावून रेटते तेव्हा कड बाहेर वाकते, किंवा अख्खा टबच पुढे सरकतो. प्रत्येक खणापुढे फिरवता येणारा लाकडी अडसर लावा. मागच्या बाजूला वरच्या अर्ध्या भागात दीड इंची आडवी पट्टी ठोका, खाली टेपच्या क्लिपांना मोकळीक राहील. व्हिजन कंपनीच्या व्ही-७० सारखे खास सापांसाठी केलेले टब जाड असतात. किंमत कितीतरी जास्त, पण पैदास करणाऱ्याला ती वसूल होते. तयार पीव्हीसी रॅकला पाणी लागत नाही, वजन निम्म्यावर येतं. सापांची संख्या दहाच्या वर जाणार असेल तर मेलामाइनच्या नादी न लागता थेट तोच घ्यावा.

भारतातल्या वाचकांसाठी दोन गोष्टी. अमेरिकेतून १२० व्होल्टची टेप मागवून २३० च्या सॉकेटला लावली तर ती जवळपास पावणेचार पट ऊर्जा ओढते, म्हणजे आगच. २२०-२४० व्होल्ट स्पष्ट छापलेलीच टेप घ्या. आणि धामण, अजगर, नाग असे आपल्याकडचे साप पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, रॅक कितीही चांगला बांधलात तरी. बॉल पायथन परदेशी असला तरी साइट्स (CITES) या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४च्या नियमांनुसार त्याची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. विकणारा कागद दाखवत नसेल तर साप घेऊ नका.

राहिला प्रश्न किती काळ ठेवायचं याचा. पिल्लांना हा टब फार मोठा होतो. वर्षा-दीड वर्षाच्या सापाला, नव्या सापाच्या विलगीकरणाला आणि तीन फुटांच्या आतबाहेरच्या नराला तो उत्तम. चार फुटी मादी ३५ इंचांत सरळ पसरू शकत नाही. तिला चार फूट लांब पिंजरा द्या, आणि तोही टबासारखाच बुटका व लपायला भरपूर जागा असलेला.