फ्रीकॉम: डॉसचा शेल स्वतः लिहायचा असेल तर आधी हा उघडून बघा

फ्रीडॉस, म्हणजे जुन्या एमएस-डॉससारखी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना ऑनलाइन सेलमधले स्वस्त लॅपटॉप आठवतात. विंडोजचे पैसे वाचवायला डॉसवालं मशीन घ्यायचं, घरी आणल्या आणल्या फॉरमॅट मारायचा, आत काय होतं ते कोणी ढुंकूनही बघत नाही. मला मात्र हौस म्हणून डॉसवर चालणारा स्वतःचा कमांड शेल, म्हणजे टाईप केलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, लिहायचाय, त्यामुळे त्याच्या आतला फ्रीकॉम, म्हणजे फ्रीडॉसची कमांड डॉट कॉम फाइल, नीट वापरला आणि सोर्सही (त्याचा मूळ कोड) वाचला. हा रिव्ह्यू त्याचा.

आधी थोडक्यात. फ्रीडॉस १९९४ मध्ये जिम हॉलने सुरू केलं, १.० यायला २००६ उजाडलं, १.३ आलं २०२२ मध्ये आणि १.४ एप्रिल २०२५ मध्ये. फ्रीकॉम त्याचाच भाग, जीपीएल लायसन्स (कोड कोणीही बघावा, बदलावा, वाटावा असा परवाना), फुकट. बराचसा कोड सी मध्ये आहे आणि माझ्यासारख्याला तिथेच अर्धा जीव भांड्यात पडतो, कारण मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये एमएस-डॉस ४ चा सोर्स मोकळा केला तेव्हा मीही हौसेने उघडला होता पण तो बहुतेक सगळा असेंब्लीचा (प्रोसेसरच्या थेट सूचनांच्या भाषेचा) डोंगर, एक कमांड शोधायला चार फाइली पालथ्या घालायच्या.

रोजच्या वापराला कसा आहे? झकास. हिस्टरी (आधीच्या कमांड परत आणणं), टॅब कम्प्लिशन (टॅब दाबून नाव पूर्ण करणं), एलियास (कमांडला टोपणनाव देणं) सगळं आतच आहे, नुसतं प्रश्नचिन्ह टाईप करून एंटर मारलं की आतल्या सगळ्या कमांडची यादी येते आणि खाली कुठली फीचर्स बिल्डमध्ये आहेत तेही दिसतं. जुन्या बॅच फाइली बहुतेक चालतात, विंडोजवरची फॉर स्लॅश एफ (फाइलमधली ओळ न् ओळ वाचणारी कमांड) वगैरे मंडळी इथे नाहीत, ती अपेक्षाही करू नका.

आता खरा मुद्दा, मेमरी. डॉसमध्ये शेलचं सगळं जगणं ६४० केबीत, आणि शेल जितकी जागा खातो तितकी प्रोग्रामला कमी. एमएस-डॉसची युक्ती अशी की शेलचे दोन तुकडे करायचे, छोटा तुकडा कायम मेमरीत आणि मोठा वरच्या टोकाला असा ठेवायचा की प्रोग्रामला जागा लागली तर त्याने खुशाल पुसावा. प्रोग्राम संपला की छोटा तुकडा चेकसम (मोठा तुकडा जसाच्या तसा आहे का ते सांगणारी बेरीज) बघतो, जुळला नाही तर मोठा तुकडा डिस्कवरून परत आणतो. ज्यांनी फ्लॉपीवर काम केलंय त्यांना 'कमांड डॉट कॉमवाली डिस्क टाका' हा मेसेज आठवत असेल, तो याच भानगडीतून यायचा. फ्रीकॉमची एक्सएमएस-स्वॅपवाली आवृत्ती वेगळं करते, बाहेरचा प्रोग्राम चालवायच्या आधी स्वतःला उचलून एक्सएमएसमध्ये (१ एमबीच्या वरच्या जादा मेमरीत) ठेवते आणि खाली फक्त छोटासा भाग उरतो. मेम स्लॅश सी ही मेमरीचा हिशोब दाखवणारी कमांड मारून बघा, कमांडच्या नावापुढचा आकडा बघून खरंच बरं वाटतं. मेसेजेस पण सगळे मेमरीत भरून ठेवलेले नाहीत, फाइलच्या शेपटाला चिकटवलेत आणि लागतील तेव्हा वाचले जातात. हे मला फार आवडलं.

पण शेल लिहिणाऱ्याचं डोकं खरं खातात ते टीएसआर, म्हणजे चालून झाल्यावरही मेमरीत बसून राहणारे प्रोग्राम. माउसचा ड्रायव्हर, डॉसकी (जुन्या कमांड लक्षात ठेवणारा), डिस्कची कॅश, सगळी ही जमात. हे म्हणजे पागडीचे भाडेकरू, एकदा आत आले की काढणं अवघड. समजा तुम्ही शेलमधून दुसरा शेल उघडला, त्यात टीएसआर चढवला आणि एक्झिट मारलं. दुसरा शेल गेला पण टीएसआर त्याच्या वरच्या पत्त्यावर तसाच, म्हणजे खाली रिकामी जागा असूनही सलग मिळत नाही, आणि मग मोठा प्रोग्राम 'मेमरी कमी आहे' म्हणून रडतो. स्वॅप करणाऱ्या शेलला तर अजून एक वैताग, तुम्ही बाहेर गेलात आणि तुमच्याच जागेवर टीएसआर येऊन बसला तर परत उतरायचं कुठे?

एक उपयोगी गोष्ट सांगतो. प्रोग्राम संपल्यावर डॉसला इंटरप्ट २१ (प्रोग्रामने डॉसला मारायची हाक, आकडे हेक्समध्ये) च्या ४डी फंक्शनने विचारलं की एएल या प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये एररलेव्हल (प्रोग्रामने जाताना दिलेला निकालाचा आकडा) मिळतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण शेजारच्या एएच रजिस्टरमध्ये प्रोग्राम कसा संपला तेही येतं: ० म्हणजे नेहमीसारखा, १ कंट्रोल-सीने, २ क्रिटिकल एररने आणि ३ म्हणजे तो मेमरीत बसून राहिला. हे उत्तर एकदाच मिळतं, लगेच उचलून ठेवायचं. माझ्या शेलमध्ये ३ आलं की मी त्या कमांडचं नाव नोंदवून ठेवतो, मेमरीत कोण कोण बसलंय त्याची यादी अशी आपोआप तयार होते.

दुसरं म्हणजे टीएसआर स्वतःच शेलची कमांड बनू शकतो. शेलने कमांड चालवायच्या आधी इंटरप्ट २एफ वर (मेमरीतल्या टीएसआरशी बोलायची सामायिक वाट) एई०० या क्रमांकाने हाक मारायची, 'हे नाव कोणाचं?', कोणी एएलमध्ये एफएफ दिलं तर एई०१ ने त्यालाच काम सोपवायचं. एमएस-डॉसची अपेंड ही कमांड (फाइली आणखी कुठल्या फोल्डरात शोधायच्या ते सांगणारी) अशीच चालते. फ्रीकॉमच्या सोर्समध्ये याची छोटीशी वेगळी असेंब्ली फाइल आहे, मी ती जवळजवळ पाठ केली, तुमच्या शेलमध्ये हे नसेल तर अशा कमांड 'सापडली नाही' म्हणून परत येतील आणि दोष टीएसआरला लागेल.

तक्रारी आहेतच. टीएसआर काढायला शेलकडून काही मदत नाही, ज्याचा त्याने स्वतःचा स्विच द्यायचा, जसं सीटीमाउस या माउस ड्रायव्हरला स्लॅश यू, आणि त्याच्यानंतर दुसऱ्या कोणी तोच इंटरप्ट पकडला असेल तर तेही होत नाही. अर्थात यात डॉसचाच दोष जास्त. पूर्वी टर्बोपॉवर कंपनीचे मार्क आणि रिलीज हे प्रोग्राम होते, इंटरप्टचा तक्ता आधी जपून ठेवायचा आणि नंतर सगळं एकदम मागे न्यायचं, तसं काही शेलच्या पोटातच हवं होतं. कागदपत्रंही विखुरलेली आहेत, बरंच काही कोडमधल्या कॉमेंटवरूनच समजून घ्यावं लागतं. मेसेजची भाषांतरं बऱ्याच युरोपीय भाषांत आहेत, मराठी नाही, आणि होणार तरी कसं, डॉसवर देवनागरीसाठी एकेकाळी पुण्याच्या सीडॅकचं जिस्ट कार्ड (भारतीय लिपी दाखवणारं जोड-कार्ड) लागायचं.

पाचपैकी चार स्टार. नुसतं वापरायला अजून जास्त सुखसोयींचा शेल हवा असेल तर फोरडॉस हा दुसरा शेल बघा, आता तोही फुकट आहे. पण आत हात घालायचा असेल तर फ्रीकॉमच. क्यूईएमयूमध्ये (कॉम्प्युटरच्या आत खोटा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम) चालवा, खऱ्या मशीनच्या वाटेला आधी जाऊ नका, आणि बिल्ड करताना एक्सएमएस-स्वॅपचा पर्याय चालू आहे ना ते बघा, नाहीतर मेममधला तो सुंदर आकडा दिसणार नाही.