हवाबंद साठवण पिशवी: लहान शेतकऱ्याला कितपत उपयोगी?

कापणी होताच पडेल त्या भावाने धान्य विकावे लागते, त्यामागे पैशाच्या निकडीइतकीच किडीची भीतीही असते, आणि ‘पिक्स’ या तीनपदरी पिशवीचा खरा उपयोग नेमका इथेच आहे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी कॅमेरूनमधील चवळी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांसाठी ही पद्धत विकसित केली. आत जाड पॉलिथिनचे दोन पदर आणि बाहेर विणलेले पोते, एवढीच तिची रचना. प्रत्येक पदराचे तोंड पीळ देऊन घट्ट बांधले, की आतल्या किडी श्वसनातून ऑक्सिजन स्वतःच संपवत जातात, त्यांचे खाणे व प्रजनन थांबते आणि अखेर त्या मरतात. धान्यात कीटकनाशक मिसळावे लागत नाही, हा मला तिचा सर्वांत मोलाचा गुण वाटतो.

मात्र धान्य नीट वाळलेले नसेल, तर हीच रचना ओल कोंडून ठेवते आणि धान्य खराब होते. धान्य पुरेसे वाळले आहे का, हे पाहण्यासाठी थोडे धान्य व कोरडे मीठ कोरड्या बाटलीत घालून हलवावे. मीठ काचेला चिकटले, तर आणखी ऊन द्यावे. उंदरांपुढे पिशवीचा टिकाव लागत नाही. छिद्र पडले नसेल तर ती पुढच्या हंगामातही चालते, पण रोजच्या वापराचे धान्य तिच्यात ठेवू नये, कारण वारंवार उघडल्यास हवा आत शिरून किडींना पुन्हा जीवदान मिळते.