पंचवटीतील फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना: सहा महिन्यांचा अनुभव

आईला मधुमेह आणि रक्तदाब असल्यामुळे आम्ही चार वर्षे नाशिकमधील एका मोठ्या रुग्णालयात जात होतो. तेथील डॉक्टरांच्या ज्ञानाबद्दल माझी तक्रार नाही. केसपेपर, टोकन आणि विमा कक्ष यांच्या फेऱ्यांत रुग्णाकडे बघायला कोणाला सवड उरत नाही, ही तक्रार आहे. मागच्या पावसाळ्यात आईला तेथे दाखल केले होते, तेव्हा सकाळी अकराला डिस्चार्ज लिहिला गेला आणि कॅशलेसच्या अंतिम मंजुरीअभावी आम्ही रात्री साडेआठला बाहेर पडलो. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार ही मंजुरी तीन तासांत मिळायला हवी आणि उशिरामुळे वाढलेला रुग्णालयाचा खर्च विमा कंपनीने सोसायला हवा. काउंटरवर हे सांगितल्यावर मला नवे टोकन देण्यात आले.

त्यानंतर आम्ही पंचवटीतील एका एमबीबीएस डॉक्टरांकडे जाऊ लागलो. (नाव लिहू नका, बाकावर आधीच जागा नसते, असे त्यांनीच सांगितल्यामुळे ते देत नाही.) पहिल्याच भेटीत त्यांनी “काकू, घरातल्या सगळ्या गोळ्या आणल्यात का?” असे विचारून पिशवी टेबलावर रिकामी केली. हृदयरोगतज्ज्ञांची एक गोळी आणि मधुमेहतज्ज्ञांची दुसरी, अशा वेगवेगळ्या नावांच्या दोन पट्ट्यांत औषध मात्र एकच होते, रक्तदाब कमी करणारे टेल्मिसार्टन. ज्या चकरेसाठी आईला मानेचा एमआरआय सुचवला गेला होता, ती उभे राहताना रक्तदाब उतरल्यामुळे येत असावी, हे त्यांनी आडवे आणि उभे असे दोनदा मोजून दाखवले. हृदयरोगतज्ज्ञांशी फोनवर बोलून त्यांनी एक गोळी बंद केली आणि पंधरा दिवसांत चक्कर थांबली. त्या पट्ट्या चार वर्षे आमच्याच घरात होत्या आणि मीही त्या कधी शेजारी ठेवून वाचल्या नाहीत, हे कबूल करायला हवे.

उणिवाही आहेत. नंबर फोनवर लागत नाही, संध्याकाळी दीड तास बसावे लागते, रविवारी दवाखाना बंद असतो आणि तपासणीचे दोनशे रुपये रोखच द्यावे लागतात. रात्री-अपरात्री छातीत दुखले तर मोठ्या रुग्णालयातच जावे, असे डॉक्टर स्वतः बजावतात. त्यासाठी आईचे आजार, चालू औषधे आणि मात्रा लिहिलेला एक कागद त्यांनी करून दिला आहे, तो आम्ही विम्याच्या कार्डासोबत ठेवतो.