फॅमिलीसर्च: अमेरिकेतली घरं वाचायला फुकट आणि जबरदस्त साइट

फॅमिलीसर्च बहुतेक लोक आपले खापरपणजोबा शोधायला उघडतात. मी ती वेगळ्याच कामासाठी वापरते, अमेरिकेत एका छपराखाली कोण कोण राहत होतं आणि ते कसं कसं बदलत गेलं हे बघायला. या कामासाठी याच्याइतकी चांगली फुकट साइट मला दुसरी माहीत नाही. सॉल्ट लेक सिटीचं मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचं चर्च ती चालवतं, त्यांची वंशावळीची संस्था १८९४ ची आणि साइट १९९९ पासूनची. अकाउंट काढायचं, लॉगिन करायचं, बस, पैसे कुठेच मागत नाहीत.

सगळ्यात आधी एक सांगते, नाव टाकल्यावर जी टाइप केलेली माहिती येते तिच्यावर थांबू नका, जुन्या जनगणनेच्या मूळ पानाचा फोटो उघडा. टाइप केलेल्यात थोडेच कॉलम घेतलेले असतात, फोटोत अख्खं घर दिसतं, शेजारपाजार दिसतो, कोण काय काम करतं तेही दिसतं. १८४० पर्यंतच्या जनगणनेत फक्त घरातल्या कर्त्याचं नाव लिहायचे आणि बाकीचे सगळे नुसते आकडे, १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र, म्हणजे गुलाम नसलेल्या, माणसाचं नाव यायला लागलं, आणि १८८० ला आला तो कॉलम ज्याच्यासाठी मी ही साइट उघडते, कर्त्याशी नातं काय. बायको, मुलगा, सासू, विधवा बहीण, तिची मुलं आणि मग बोर्डर, लॉजर म्हणजे पैसे देऊन राहणारे, आणि नोकर. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या स्थलांतरितांच्या वस्तीची १९०० किंवा १९१० ची पानं चाळून बघा, ज्यू घरांमध्ये, इटालियन घरांमध्ये दोन-तीन खोल्यांत नवराबायको, पोरं आणि वर भाडं देणारे परके पुरुष असे सगळे एकत्र, म्हणजे अमेरिकन घर म्हटलं की आईबाप आणि दोन मुलं हे जे आपल्या डोक्यात फिट बसलंय ते या पानांवर शोधावं लागतं. त्याच दोन जनगणनांत बायकांना विचारलंय की तुम्हाला मुलं किती झाली आणि आता त्यातली जिवंत किती. दोन शेजारशेजारच्या चौकटी, आणि त्यातल्या आकड्यांमध्ये फरक नाही अशी म्हातारी बाई त्या वस्तीत क्वचितच सापडते.

काळ्या कुटुंबांची पानं मात्र घाईत वाचू नका, प्लीज. १८५० आणि १८६० ला गुलामांची यादी वेगळी केली जायची, तिच्यात नाव मालकाचं आणि खाली नुसतं वय, लिंग, रंग. बहुतेक ठिकाणी ना नाव ना नातं. सगळ्या काळ्या माणसांची नावं जनगणनेत पहिल्यांदा आली ती १८७० ला. पण त्याच्या आधीचा एक साठा इथे आहे, फ्रीडमेन्स ब्युरोचा. हे सरकारी खातं १८६५ ला निघालं, सुटलेल्या लोकांची लग्नं नोंदवणं हे त्याचं एक काम, कारण गुलामीत त्यांच्या लग्नाला कायदाच मानत नव्हता. काही रजिस्टरांत असे कॉलम आहेत की आधीच्या जोडीदाराबरोबर किती वर्षं राहिलात, ताटातूट कशाने झाली, त्या जोडीदारापासून मुलं किती. कारणाच्या रकान्यात मृत्यू असतो आणि विक्रीही असते. काळ्यांची कुटुंबं मुळातच विस्कळीत असतात असं कोणी बोलायला लागलं की मला हे रजिस्टर त्याच्यासमोर ठेवावंसं वाटतं, कुटुंब तोडणारे कोण आणि ते पुन्हा जोडायला रांगेत उभे राहिलेले कोण ते त्यात स्पष्ट लिहिलंय. हे रेकॉर्ड नावाने शोधता यावं म्हणून हजारो स्वयंसेवकांनी ते वाचून टाइप केलंय, २०१६ मध्ये ते काम पूर्ण झालं, आणि मला वाटतं या साइटची सगळ्यात मोठी कामगिरी हीच.

मूळ रहिवाशांच्या बाबतीत कागद स्वतःच प्रॉब्लेम आहे. चेरोकी लोकांमध्ये कूळ आईकडून चालतं, मूल आईच्या कुळाचं, मामाला मोठा मान. पण १८८७ च्या डॉज कायद्याने जमातीच्या सामायिक जमिनीचे तुकडे करून वाटायचं ठरलं, चेरोकी, चोक्टॉ वगैरे पाच जमाती आधी त्यातून वगळल्या होत्या, पण १८९८ च्या नव्या कायद्याने त्यांनाही ते लागू झालं, तेव्हापासून त्यांच्या याद्या झाल्या आणि त्या कार्डांवर एकेक छोटं कुटुंब, वर कर्ता, खाली बायको-मुलं. मामा कुठेच नाही. ही कार्डं इथे बघता येतात, पण ती बघताना लक्षात ठेवायचं की इथे घराचा आकार सरकारने ठरवलाय आणि लोकांना त्यात बसवलंय.

आता माझं सगळ्यात आवडतं. कॅलिफोर्नियाची इंपीरियल काउंटी निवडा आणि आडनाव सिंग टाका. १९१७ च्या कायद्यानंतर भारतातून बायकोला आणणं जवळजवळ अशक्य झालं, गोऱ्या बाईशी लग्नाला तिथला कायदा आडवा यायचा, मग पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली. जनगणनेत त्या शिखांना वंशाच्या रकान्यात ‘हिंदू’ लिहिलंय, बायको मेक्सिकोत जन्मलेली, आणि मुलांची नावं स्पॅनिश, पुढे सिंग! चिनी लोकांचं याच्या उलट, चिनी मजुरांना अमेरिकेत यायला १८८२ ला घातलेल्या बंदीमुळे घरंच्या घरं नुसत्या पुरुषांची, १८९० ला दर बाईमागे साधारण २७ पुरुष होते. घरात कोण आहे हे बऱ्याचदा बंदरावरच्या कायद्याने ठरवलंय, संस्कृतीच्या नावावर ते खपवू नये असं माझं मत.

आता वंशवृक्षाबद्दल. फॅमिलीसर्चचा वृक्ष सगळ्या जगाचा मिळून एकच आहे आणि कोणीही त्यात बदल करू शकतं, त्यामुळे एकाच नावाची दोन माणसं एकत्र चिकटवलेली दिसली तर नवल नाही, खाली पुरावा जोडलाय का ते बघितल्याशिवाय काही खरं धरू नका. पालकांचे प्रकार मात्र चांगले दिलेत, जन्मदाते, दत्तक, सावत्र, फॉस्टर म्हणजे तात्पुरते सांभाळणारे, कायदेशीर पालक. हवाईमध्ये हानाई म्हणून रीत आहे, मूल नातलगांकडे किंवा स्नेह्यांकडे वाढवायला द्यायचं, तिथली शेवटची राणी लिलिउओकलानी अशीच वाढलेली, ते दत्तकात कसंबसं बसतं. न्यू मेक्सिकोच्या जुन्या कॅथलिक बाप्तिस्म्याच्या नोंदींत पाद्रीनो आणि माद्रीना, म्हणजे धर्मपिता-धर्ममाता, नावानिशी असतात आणि त्या समाजात हे नातं रक्ताच्या नात्याइतकं घट्ट, ते जोडायची सोय आहे पण ते त्या माणसाच्या पानावर राहतं, मोठ्या चित्रात येत नाही. चित्र अजूनही प्रत्येकाच्या डोक्यावर दोन पालक असंच काढतात. हे बदलायला हवं, कारण लोक चित्रच बघतात, आत जाऊन वाचणारे थोडे.

दुसरी मर्यादा साइटच्या हातात नाही. जनगणनेतली नावं ७२ वर्षं बंद असतात, त्यामुळे सगळ्यात नवी जनगणना १९५० ची, एप्रिल २०२२ ला उघडलेली. तेव्हा बायकांचं पहिलं लग्न साधारण विसाव्या वर्षी व्हायचं, २०२० पर्यंत ते अठ्ठावीसच्या पुढे गेलं. त्यानंतरची उलथापालथ, १९६७ चा आंतरवंशीय लग्नांवरची बंदी उठवणारा निकाल, १९७० पासून कॅलिफोर्नियात कोणाचा दोष सिद्ध न करता मिळायला लागलेला घटस्फोट, २०१५ चा समलिंगी लग्नांना मान्यता देणारा निकाल, यातलं काही या जनगणनेच्या पानांवर दिसणार नाही. आणि एकत्र राहणं परत वाढतंय ते पण नाही, प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन संशोधन संस्थेच्या हिशोबाने अनेक पिढ्यांच्या घरात राहणारे १९७१ ला ७ टक्के होते ते २०२१ ला १८ टक्के झाले, त्यात आशियाई, काळी आणि हिस्पॅनिक कुटुंबं जास्त. त्यासाठी सेन्सस ब्युरोचे, म्हणजे सरकारी जनगणना खात्याचे, तक्ते बघावे लागतात.

बाकी किरकोळ. जुनं वळणदार अक्षर वाचायची सवय व्हायला वेळ लागतो, नावाचं स्पेलिंग वेगवेगळं टाकून बघा, आणि १८९० ची जनगणना शोधत बसू नका, १९२१ च्या आगीनंतर ती जवळपास सगळी गेली. जुन्या नोंदींच्या काही फिल्म घरून दिसत नाहीत, फॅमिलीसर्चच्या केंद्रात जावं लागतं. मोबाइल अॅप आहे पण जनगणनेचं पान मोठ्या स्क्रीनवरच वाचा.

समाजशास्त्र, इतिहास शिकणाऱ्यांनी, तिकडे राहणाऱ्यांनी आणि ज्यांची मुलं तिकडे लग्न करून त्या समाजात मिसळतायत अशा आईबापांनी तर नक्की वापरा. पाचपैकी साडेचार, अर्धा वंशवृक्षाच्या त्या चित्रासाठी कापला. १९६० ची जनगणना एप्रिल २०३२ ला खुली होईल, तेव्हा मी पहिल्यांदा पुन्हा इंपीरियल काउंटीच उघडणार, ती सिंग मुलं मोठी होऊन कोणाबरोबर घरं मांडून बसली ते बघायला.