कानचा बाजार, दुसऱ्या खेपेला

फ्रान्समधल्या कान गावच्या चित्रपट महोत्सवाला २०१८ मध्ये पहिल्यांदा निघाले तेव्हा आईला फोनवर म्हटलं, "मे महिन्यात कानला जातेय." ती म्हणाली, "दुखतोय का गं? मग इतके दिवस थांबलीस कशाला?" ती सगळी खेप तशीच गेली. मी एक बोलत होते आणि समोरचा भलतंच ऐकत होता. २०२५ ला परत गेले. हे परीक्षण महोत्सवाचं नाही, तिथल्या चित्रपटांच्या बाजारात शिरायला लागणाऱ्या मार्केट बॅजचं आहे. पैसे मी त्याचेच मोजले होते.

टीव्हीवर दिसतो तो लाल गालिचा आणि 'मार्शे द्यु फिल्म' हा चित्रपटांचा बाजार 'पॅले' या एकाच इमारतीत भरतो. वर त्या प्रसिद्ध २४ पायऱ्या, खाली तळघरात स्टॉलच्या रांगा. बाहेर निळाशार समुद्र, आत दिवसभर एसी आणि ट्यूबलाइट. हा बाजार १९५९ पासून भरतोय आणि गिऱ्हाईक कोण, विकणारा कोण हे तिथल्या मुरलेल्या लोकांना गळ्यातल्या बॅजकडे एक नजर टाकली की कळतं. आधी बॅज बघतात, मग चेहरा. पहिल्यांदा याचा राग आला होता. या वेळी मीही तेच करत होते.

२०१८ च्या चुका माझ्या मीच केलेल्या. विमानाचं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून सहाव्या दिवशी पोहोचले. खरा धंदा पहिल्या चार-पाच दिवसांत उरकतो, त्यानंतर सेल्सवाले पोस्टर गुंडाळायला लागतात. त्यात मी हट्टाने माझ्या चित्रपटाचं मार्केट स्क्रीनिंग, म्हणजे खरेदीदारांसाठीचा खेळ, पैसे भरून लावलं. नऊ माणसं आली. पंधरा मिनिटांत चार उठून गेली आणि मी शेवटच्या रांगेत बसून पाठी मोजत राहिले. खरेदीदार एका दुपारी चार-चार चित्रपटांचा थोडा थोडा तुकडा बघतात, उठून जाणं हा तिथे अपमान नसतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. गंमत म्हणजे पुढे लिंक मागणारी एकमेव मेल आली ती उठून गेलेल्यांपैकी एकाची. शेवटपर्यंत बसलेल्यांतला एक जण झोपलेला होता.

या वेळी १२ मेच्या रात्रीच पोहोचले. 'सिनांडो' या बाजाराच्या ऑनलाइन डिरेक्टरीत शोधून एप्रिलपासून मेल टाकत होते, त्यातून पाच दिवसांत २२ भेटी ठरल्या. प्रत्येकी अर्धा तास, पण त्यातली दहा मिनिटं मागची भेट लांबल्यामुळे जातात. या वेळचा माझा चित्रपट पूर्ण नव्हता. लॅपटॉपमध्ये बारा मिनिटांचा तुकडा होता, बस्स.

एका भेटीचं सांगते. पॅरिसच्या कंपनीतली बाई, वय साठीच्या आसपास. हेडफोन लावला, लॅपटॉप स्वतःकडे वळवला. मला पडदा दिसत नव्हता, म्हणून मी तिच्या अंगठ्याकडे बघत बसले. ट्रॅकपॅडवर सरकला की संपलं. पाचव्या मिनिटाला तो हलला, पण मागे. एक दृश्य तिने पुन्हा पाहिलं. मग विचारलं, "भाषा कुठली?" मराठी म्हटलं. २०१८ मध्ये या उत्तरानंतर मला मुंबईचा नकाशा हवेत काढावा लागायचा. ही म्हणाली, "म्हणजे पायलच्या चित्रपटातली ती स्वयंपाकीण जिथे परत जाते, तिकडची?" रत्नागिरी! छाया कदमने केलेली ती भूमिका. त्याच चित्रपटासाठी २०२४ ला दिग्दर्शिका पायल कपाडियाला ग्राँ प्री, म्हणजे कानचा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार मिळाला, २०२५ ला ती मुख्य स्पर्धेच्या ज्युरीत बसली होती, आणि त्याचा आयता फायदा तळघरातल्या एका टेबलावर मला मिळाला. करार झाला नाही. "पूर्ण झाला की आधी मला दाखव," एवढंच. पण जूनमध्ये तिने आपणहून आठवण करून देणारी मेल पाठवली. २२ पैकी आठ जणांनी उत्तरं दिली, माझ्या हिशोबाने हे उत्तम.

चित्रपट बघायला मिळतात का? मिळतात. तिकिटं चार दिवस आधी, तिथल्या सकाळी सातला ऑनलाइन उघडतात. मुंबईत तेव्हा साडेदहा वाजलेले असतात, त्यामुळे सुरुवातीची तिकिटं मी चहा पिऊन, अंघोळ करून काढली. तिथे गेल्यावर मात्र पावणेसातचा अलार्म. ल्युमिएर थिएटरच्या रात्रीच्या खेळाला इरकल नेसले. त्याच वर्षी लांबलचक घोळ मागे सोडणाऱ्या पोशाखांवर बंदी आली होती. दारावर पदराची लांबी मोजतात की काय, असं वाटून गेलं. पदराला कोणी हरकत घेतली नाही. अडली ती मोठी पिशवी. नियम लिहिलेला होता, मीच वाचला नव्हता. पण एकदा आत बसलं, दिवे गेले, चित्रपटाआधीच्या महोत्सवाच्या छोट्या फिल्मचं संगीत, सँ-सान्सचं 'अ‍ॅक्वेरियम' सुरू झालं आणि पडद्यावर त्या पायऱ्या पाण्यातून वर वर आभाळात जायला लागल्या, की तळघर, बॅज, मेल सगळं पुसलं जातं. दोन्ही खेपांना माझ्या घशात आवंढा आला. याला गुण द्यायचे नाहीत असं ठरवलंय.

राहण्याला मात्र देते: पाचपैकी एक. तिघींनी मिळून ज्वाँ-ले-पँ या जवळच्या गावात खोली घेतली होती. जाहिरातीत 'समुद्र दिसतो' असं होतं. दिसायचा, टबच्या काठावर उभं राहून बाथरूमच्या खिडकीतून. शिवाय शेवटची लोकल लवकर सुटते आणि कामाच्या ओळखी मध्यरात्री 'पती माजेस्तिक' बारबाहेर, रस्त्यावर ग्लास धरून उभ्या असलेल्या गर्दीतच होतात. ज्यांना परवडतं त्यांनी कानमध्येच, चालत जाता येईल असं राहावं. बॅजला चार. एक गुण कापला तो पायांसाठी.

बाजार २१ ला संपला. मी २४ ला, महोत्सवाच्या शेवटच्या दिवशी निघाले आणि सकाळी दहाच्या सुमारास गावाची वीज गेली. पॅलेकडे स्वतःची सोय होती, बाकी सगळं ठप्प. कॅफेवाला म्हणाला, रोख असेल तरच आणि कॉफी नाही. माझ्याकडे सात युरोची चिल्लर. पाव आणि चीज खाल्लं. सिग्नल बंद, त्यामुळे पाहुण्यांच्या काळ्या गाड्या भाजीच्या टेम्पोंमागे खोळंबलेल्या. मी बॅग ओढत त्यांच्या शेजारून ताठ मानेने स्टेशनवर पोहोचले. तिथे रेल्वेचं वेळापत्रकही कोलमडलं होतं, ती गोष्ट वेगळी.