नव्या वॉर्ड कार्यालयात दोन सकाळी

वडिलांच्या निधनानंतर घरवेऱ्याच्या, म्हणजे घरपट्टीच्या, बिलावर आईचे नाव लावून घेण्यासाठी गेल्या महिन्यात दोन वेळा बडोद्यातील आमच्या भागातील नव्या वॉर्ड कार्यालयात जाणे झाले. जुनी इमारत पाडून त्याच जागी ही तीन मजली वास्तू उभी राहिली आहे. शहरातील इतर जीर्ण कार्यालयेही अशाच रीतीने बदलायची असतील तर पुढचे आराखडे कागदावर असतानाच या वास्तूचे गुणदोष नोंदवलेले बरे, म्हणून हा अभिप्राय.

जुनी इमारत पाडली याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. बडोद्यात ‘जुनी इमारत’ म्हटले की सयाजीरावांच्या काळातील वास्तू डोळ्यांसमोर येतात आणि पाडापाडीचे नाव काढताच आपण हळहळू लागतो. पण आमचे वॉर्ड कार्यालय त्या घराण्यातले नव्हते. ते चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचे बुटक्या छताचे आरसीसी बांधकाम होते. गच्चीवरील पाणी जाण्याची तोंडे पालापाचोळ्याने आणि कबुतरांच्या घरट्यांनी बुजलेली असत, तुंबलेले पाणी स्लॅबमध्ये मुरे, आतल्या सळ्या गंजत आणि गंजलेले लोखंड फुगते म्हणून काँक्रीटचे पापुद्रे सुटून खाली पडत. वेऱ्याच्या खिडकीसमोर रांगेत उभे असताना असा एक तुकडा माझ्या पुढच्या गृहस्थांच्या फायलीवर पडला, तेव्हा त्यांनी तो शांतपणे झटकला आणि रांग पुढे सरकली. इतकी सवय झालेली होती. याउलट 1896 चे न्यायमंदिर मुळात बाजारासाठी बांधले गेले, तरी 2018 मध्ये न्यायालय दिवाळीपुऱ्यातील नव्या संकुलात जाईपर्यंत त्याने कोर्टाचे काम निभावले. आणि महापालिकेचे मुख्य कार्यालय आजही खंडेराव मार्केटच्या वास्तूत चालते. उंच छते आणि ऐसपैस दालने असली की वास्तूचे काम बदलता येते. आमच्या कार्यालयात ती सोय नव्हती, आणि तेथे दुरुस्तीवर पैसे घालण्यात अर्थही उरला नव्हता.

नव्या इमारतीत उजेड भरपूर आहे, टोकनची व्यवस्था आहे आणि खिडक्यांवर कामांची नावे मोठ्या अक्षरांत लिहिली आहेत. पूर्वी एका सहीसाठी तीन खोल्या फिराव्या लागत, आता अर्ज तपासणी आणि पावती एकाच ठिकाणी होते. स्वच्छतागृहाला पाणी होते आणि कडीही होती. ही नोंद कोणाला क्षुल्लक वाटेल, परंतु वयस्कर माणसाला सोबत घेऊन सरकारी कार्यालयात गेलेल्यांना तिचे महत्त्व सांगायला नको.

माझे खरे दुखणे उतारमार्गाचे आहे. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले, त्या अनुभवानंतर जोते उंच घेण्याचे शहाणपण कोणालाही पटेल, आणि येथे ते साधारण तीन फूट उंच घेतलेले आहे. मात्र चाकाच्या खुर्चीसाठी चढ एकास बारा या प्रमाणापेक्षा तीव्र नसावा असा संकेत आहे. म्हणजे तीन फूट चढायला छत्तीस फूट लांबीचा उतार हवा. पुढच्या अंगणात दुचाक्यांसाठी जागा सोडल्यावर एवढी लांबी उरली नसावी, कारण मी पावलांनी मोजले तेव्हा उतार वीस फुटांच्या आतच संपला. त्यातून वरच्या टोकाचे दार बाहेर उघडते आणि दारापुढे सपाट जागा जेमतेम दोन हात आहे. आईची खुर्ची मी वर नेली, दाराची मूठ धरली आणि ध्यानात आले की दार उघडायचे तर खुर्ची पुन्हा उतारावर मागे न्यावी लागणार. एका हाताने खुर्ची पेलत दुसऱ्या हाताने दार ओढण्याचा तो प्रकार पाहून शिपाई धावत आला. “माशी, बीक ना राखो,” (मावशी, भिऊ नका) असे गुजरातीत आईला म्हणत त्याने दार धरले. माणूस भला होता. परंतु उतारमार्ग शिपायाच्या भलेपणावर चालावा अशी अपेक्षा नकाशात धरलेली नसते.

आत बसण्यासाठी बारा खुर्च्या आहेत आणि सोमवारी सकाळी साडेअकराला टोकनचा आकडा साठच्या पुढे गेला होता. वरच्या मजल्यावरील बैठकीची खोली दोन्ही दिवशी कुलूपबंद दिसली. आराखडा करताना कर्मचाऱ्यांची टेबले मोजली गेली असतील, थांबणाऱ्यांची डोकी मोजलेली दिसत नाहीत. याच शहरात अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना 1910 मध्ये बोलावून ज्या मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली गेली, तेथे पुस्तकांच्या दालनातील मजल्यांना काचेची जमीन आहे, म्हणजे वरचा उजेड खालच्या कपाटापर्यंत झिरपतो. तेथे कपाटाशी उभे राहून पुस्तक शोधणाऱ्याच्या बाजूने कोणीतरी विचार केला होता.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवतो. पहिलाच पावसाळा झाला आहे आणि जिन्याच्या वरच्या वळणावर हातभर ओल आताच दिसते आहे. गच्चीवर जाण्याचे दार बंद असल्यामुळे पाण्याची तोंडे मोकळी आहेत की नाहीत ते पाहता आले नाही.

दुसऱ्या खेपेस काम वीस मिनिटांत झाले आणि पावतीवर आईचे नाव बिनचूक आले. चाकाची खुर्ची घेऊन जाणाऱ्यांनी मागच्या अंगाला, जनरेटरच्या शेजारी असलेल्या दाराने जावे. तेथे जमीन मुळातच उंच असल्याने एकच पायरी आहे आणि दार आत उघडते. फक्त ते सकाळी उघडून ठेवायला चौकीदाराला आधी सांगावे लागते.