साडेअठरा हजारांचा गाळ

सोनं पॉलिश करून देणारे दारात आले की आमच्या सासूबाई त्यांना उभ्या उभ्या जिना उतरायला लावतात. बांगड्या अम्लराजात बुडवून निम्मं सोनं त्यातच विरघळवून नेणाऱ्यांचे किस्से त्यांना तोंडपाठ आहेत. पण 'मोफत पाणी तपासणी' म्हणत जोडीदारासह आलेल्या पोराला त्यांनीच आत बसवलं आणि वर चहाही दिला. मीही घरातच होते, त्यामुळे सगळा दोष त्यांच्यावर ढकलत नाही.

गेल्या पावसाळ्यातली, पुण्यातली गोष्ट. दोन दिवस नळाला जरा गढूळ पाणी आलं होतं आणि नेमकी तिसऱ्या दिवशी ही जोडगोळी हजर. वॉचमनला 'सोसायटीनेच पाठवलंय' असं सांगून वर आले. सेक्रेटरींना त्याचा पत्ताही नव्हता, हे आम्हाला नंतर कळलं.

एका ग्लासात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं, पाणी शुद्ध करणाऱ्या 'मशीनचं'. दोन्ही दिसायला सारखीच. मग त्याने पिशवीतून चार सळया लावलेली एक डबी काढली, दोन सळया या ग्लासात, दोन त्या ग्लासात सोडल्या आणि प्लग लावला. मिनिटभरात आमच्या ग्लासात हिरवट काहीतरी उतरायला लागलं. मग ते पिवळं पडलं, मग गंजाच्या रंगाचा चोथा तरंगायला लागला, वर फेस. दुसरा ग्लास जसाच्या तसा.

"मावशी, हे रोज पोटात जातंय तुमच्या. घरात कुणाला मुतखडा आहे का?"

माझ्या नवऱ्याला आहे. तिथेच आम्ही गेलो.

एकूण ₹१८,५००. पाच हजार तिथल्या तिथे मोबाइलवरून, बाकीचे मशीन बसवल्यावर. मशीन आलं, त्यावरचं नाव मी आजतागायत कुठल्या दुकानात पाहिलेलं नाही. दोन महिन्यांत गळायला लागलं आणि सर्व्हिसचा नंबर कायमचा बंद.

दिवाळीत भाचा आला. अकरावी सायन्स. त्याला मी तो ग्लासांचा प्रकार सांगितला तर हसायलाच लागला. "मावशी, घाण पाण्यात नव्हती गं, सळईत होती."

त्याने ९ व्होल्टची बॅटरी काढली, दोन साधे लोखंडी खिळे घेतले (जस्ताचा मुलामा असलेले चालत नाहीत, त्यांचा पांढरा गाळ होतो). आधी त्याच मशीनच्या पाण्यात खिळे सोडले. दहा मिनिटं झाली, काहीच नाही. मग त्याने मिसळणाच्या डब्याशेजारची मिठाची बरणी उचलली आणि चिमूटभर मीठ टाकलं. एका खिळ्याला लगेच बुडबुडे, दुसऱ्याभोवती हिरवट ढग आणि थोड्या वेळाने तोच ओळखीचा तपकिरी चोथा. साडेअठरा हजारांच्या शुद्ध पाण्यात!

झालं होतं ते असं. शुद्ध पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून त्यातून वीज फारशी वाहत नाही. नळाच्या पाण्यात ते थोडे तरी असतातच. वीज वाहिली की धन टोकाची लोखंडी सळई विरघळते, ऋण टोकाला पाण्यातून हायड्रोजन सुटतो. फेस त्याचाच. विरघळलेल्या लोखंडाचं आधी हिरवट हायड्रॉक्साइड होतं, ते हवेतल्या ऑक्सिजनने तपकिरी पडतं. म्हणजे घाईघाईत तयार केलेला गंजच. भाच्याने वहीत गणितही करून दाखवलं: एक अँपिअर वीज एक मिनिट गेली तर साधारण १७ मिलिग्रॅम लोखंड पाण्यात उतरतं. ग्लासभर पाणी रंगायला तेवढं भरपूर झालं. आणि दहावीला विज्ञानात अठ्ठ्याऐंशी मार्क मिळवलेली मी, तोंडाला पदर लावून बघत बसले होते.

त्या पोराने टीडीएसचं मीटरही बुडवलं होतं. आमचं ८६, त्याचं ८. "बघा, दहापट घाण!" ते मीटर विरघळलेले क्षार मोजतं, जंतू नाही आणि गढूळपणाही नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंतचं टीडीएस बिनदिक्कत चालतं. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तर ५०० च्या आत टीडीएस असेल तिथे आरओ मशीनवर बंदी घालायला सांगितलं होतं. आम्ही मात्र ८६ च्या पाण्यासाठी तसलंच मशीन घेतलं, आणि ते प्यायच्या पाण्यापेक्षा जास्त पाणी मोरीत सोडत होतं. गढूळ पाण्याला तुरटी फिरवून, गाळून, उकळून घेतलं असतं तरी भागलं असतं. सासूबाईंच्या माहेरी तेच करायचे.

गेल्या महिन्यात पुन्हा दोघं आले, वेगळी मुलं, डबी तीच. या वेळी सासूबाईंनी चहा विचारला नाही. स्वयंपाकघरातून मिठाची बरणी आणून त्याच्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "तुझ्या ग्लासात चिमूटभर टाक बघू."

"आजी, मीठ टाकायची कंपनीची परवानगी नाही," तो म्हणाला आणि वायर गुंडाळायला लागला.